कैफियत

मार्च २०१३ मधील एका सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावरून मी निघाले, तेव्हा खिडकीखाली पसरलेला मराठवाडा चैत्र लागण्यापूर्वीच वैशाखासारखा भाजून निघाला होता. जायकवाडीचा जलाशय तळाला टेकला होता, ज्वारीची राने उजाड पडली होती, आणि गावोगावी पाण्याचे टँकर आदल्या हिवाळ्यापासूनच धावू लागले होते. तिकिटावर शहराचे नाव अर्थात औरंगाबाद असे होते. छत्रपती संभाजीनगर हे नाव त्याला पुढे दहा वर्षांनी, २०२३ मध्ये मिळाले. येथल्याच माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात मी कायदा शिकले, येथल्याच न्यायालयांत बारा वर्षे वकिली केली, आणि आता एका आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेच्या वतीने जॉर्डनमध्ये आश्रयास आलेल्या सीरियन माणसांचे जबाब नोंदविण्यासाठी आठ महिन्यांकरिता परदेशी चालले होते.

निघताना माझ्या वृद्ध आत्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी विचारले, "तिथं जाऊन नेमकं काय करणार गं तू?" मी म्हटले, "लोकांचे जबाब लिहून घेणार." त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या अण्णांचंच काम की!" अण्णा म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या अमदानीत ते मुन्सिफाच्या कचेरीत मोहर्रिर होते. फिर्यादींच्या जबान्या, प्रतिवादींच्या कैफियती आणि साक्षीदारांचे बयान उर्दूत उतरवून घेण्यात त्यांची उमर गेली. मी त्यांना पाहिले नाही. परंतु त्यांचा उतरता लाकडी मेज आमच्या घरात अद्याप आहे, आणि त्याच्या कडेला बोरूच्या शाईचे डाग आहेत.

अम्मान हे टेकड्यांवर वसलेले शुभ्र शहर आहे. घराघराच्या दर्शनी भिंतींना तेथे पांढऱ्या चुनखडीचा दगड लावलेला असतो, आणि सायंकाळी तिरपे ऊन पडले म्हणजे एकेका टेकडीवरून मधासारखा पिवळा रंग खाली उतरत जातो. मात्र उत्तरेकडे मफ्रकच्या वाटेला लागल्यावर तासाभरात हा शुभ्रपणा ओसरू लागला, आणि माळावर जागोजाग काळे धोंडे दिसू लागले. मी गाडी थांबविण्यास सांगून खाली उतरले, एक धोंडा उचलला, आणि हात थरारला. तो बेसॉल्ट होता. ज्या काळ्या अग्निजन्य पाषाणातून आपल्याकडे वेरूळची कैलास लेणी कोरली गेली आणि देवगिरीचा कडा तासला गेला, त्याच जातीचा. सीरियाच्या हौरान प्रदेशातून हा काळा दगड सीमा न जुमानता जॉर्डनमध्ये उतरला आहे. आपला दगड परमुलखात भेटणे म्हणजे आपल्या गावचे माणूस भेटण्यासारखेच असते, हे मला त्या दिवशी कळले.

मफ्रकच्या पूर्वेस, सीरियाच्या सीमेपासून दहा-बारा किलोमीटर अंतरावर, झातरीची छावणी आहे. जुलै २०१२ च्या अखेरीस ती उघडली, आणि मी पोहोचले तोवर तेथील लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली होती. ज्या माळावर वर्षभरापूर्वी मेंढरे चरत होती, तेथे जॉर्डनमधील मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसेल असे तंबूंचे आणि पत्र्याच्या खोल्यांचे नगर उठले होते. त्याच्या मुख्य रस्त्याला लोकांनी 'शाम्स-एलिझे' म्हणावयास आरंभ केला होता. दमास्कसला ते लोक शाम म्हणतात. ते प्रिय नाव त्यांनी पॅरिसच्या प्रख्यात राजमार्गाच्या नावात गुंफले होते. त्या रस्त्यावर भाजलेल्या कोंबड्या, भाड्याचे नववधूचे पोशाख, मोबाइल, पक्ष्यांचे पिंजरे असे सर्व काही विकावयास असे, आणि बारा-तेरा वर्षांची मुले ओझी वाहण्यासाठी हातगाड्या घेऊन उभी असत. ज्यांच्यापाशी काहीच उरले नव्हते, त्यांनी प्रथम बाजार मांडला, ही गोष्ट मला मनुष्याच्या धैर्याची मोठी साक्ष वाटली.

छावणीत त्या काळी पाणी टँकरने येई. टँकरचा आवाज ऐकताच डबे, कॅन, पातेली घेऊन बाया-मुली धावत, आणि रांगेतील पहिल्या जागेवरून बोलाचाली होई. जॉर्डन हा जगातील अत्यंत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक. त्याच्याच घशाला कोरड, आणि त्याने पाहुण्यांसाठी ओंजळ पुढे केलेली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर जॉर्डनची स्वाक्षरी नाही, जशी ती भारताचीही नाही. तरीही १९४८ मध्ये पॅलेस्टिनी आले, १९६७ मध्ये पुन्हा आले, २००३ नंतर इराकी आले, आणि आता सीरियन. करारपत्राशिवाय घडलेले आतिथ्य मी तेथे पाहिले, आणि कोठलाही लेखी हक्क पदरी नसल्यामुळे त्या आतिथ्याखाली सदैव जागी असलेली धास्तीही पाहिली.

तेथे माझ्या कानांना विलक्षण अनुभव आला. मला अरबी येत नव्हती. एक तरुण जॉर्डनी वकील भगिनी दुभाष्याचे काम करीत असे. परंतु तंबूत शिरताच म्हातारी स्त्री विचारी, "कीफ हालिक?" आणि त्या 'हाल' शब्दाशी माझे मन अडखळे. अरबीत त्याचा अर्थ स्थिती एवढाच. मराठीत मात्र 'हाल' म्हणजे यातना. त्यांचा कुशलप्रश्न माझ्या कानी 'तुझे हाल कसे आहेत?' असा पडे, आणि त्या जागी तोच अर्थ अधिक खरा वाटे. हळूहळू मला माझीच कचेरी ऐकू येऊ लागली. त्यांचा 'जुलूम' तो आपलाच जुलूम, त्यांचा 'वकील' तो आपलाच वकील, हजर असलेल्यास ते 'हाजिर' म्हणत, सीमेला 'हुदूद', जी आपली हद्द. त्यांच्या 'तारीख' शब्दाचे दोन अर्थ निघाले: दिनांक, आणि इतिहासही. सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते दोन शब्दांनी. आपण ज्याला हक्क म्हणतो त्या शब्दाचा अरबीत एक अर्थ अधिकार आणि दुसरा अर्थ सत्य. आणि 'कैफियत' हा शब्द 'कैफ', म्हणजे 'कसे', यापासून झालेला. घडले ते कसे घडले, याचे कथन ती कैफियत. आजोबांनी ज्या शब्दात जन्म काढला त्याचा अर्थ त्यांच्या नातीला अशा ठिकाणी उमगावा, यात मला काही संकेत वाटला.

जबाब घेण्याची आमची एक शिस्त होती. एका वेळी एकच साक्षीदार घ्यावयाचा, आणि घरच्यांनाही बाहेर बसवावयाचे, कारण दुसऱ्याची आठवण आपली म्हणून सांगितली जाते. आपण कोण, हे लेखन कशासाठी, ते कोठे जाईल, हे आरंभी सांगावयाचे. आणि या जबाबातून तंबू मिळणार नाही, धान्य मिळणार नाही, परदेशचा परवाना मिळणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयाचे. मग संमती दिली तरच पुढे जावयाचे, आणि दिलेली संमती अर्ध्यावर परत घेण्याची त्याला मुभा. कागदावर नाव नाही, केवळ क्रमांक. प्रश्न असा विचारावयाचा की उत्तर त्यात दडलेले नसावे. डोळ्यांनी पाहिलेले एका बाजूस, कानांनी ऐकलेले दुसऱ्या बाजूस. कंठ दाटून आला तर लेखणी खाली ठेवावयाची. आणि अखेरीस सर्व जबाब दुभाष्याकरवी वाचून दाखवावयाचा. ही शिस्त कोरडी वाटेल. पण एका अतिशयोक्त वाक्याचा आधार घेऊन अत्याचारी शंभर खरी वाक्ये नाकारू शकतो, हे ज्याने अदालतीत पाहिले आहे त्याला या कोरडेपणातील करुणा समजते.

दरा प्रांतातील एक वृद्ध स्त्री मला स्मरते. मार्च २०११ मध्ये शाळकरी मुलांना भिंतीवर लिहिल्याबद्दल पकडून नेल्यानंतर ज्या प्रांतात निदर्शनांचा वणवा पेटला, तोच हा दरा. तिने तीन तास जबाब दिला. घरावर गोळा पडला ती वेळ तिने घड्याळावरून नव्हे, तर तंदूरमधल्या भाकरीवरून सांगितली, आणि तिच्या गावच्या आणखी चौघांच्या जबाबाशी ती वेळ बरोबर जुळली. मग आम्ही वाचून दाखवू लागलो. "त्या रात्री आम्ही पळून आलो," या वाक्याशी येताच तिने हात वर केला. दुभाषी भगिनीने तिचे म्हणणे मला सांगितले: "पळून आलो असे मी म्हटले नाही. आम्ही चालत आलो. पळणारा माणूस म्हाताऱ्याला पाठीवर घेत नाही." मी ते क्रियापद खोडले व 'चालत आलो' असे लिहिले. कायद्याच्या दृष्टीने त्या दुरुस्तीने काहीच बदलले नव्हते. पण तिच्या दृष्टीने सर्व काही बदलले होते, आणि जबाब तिचा होता. मानवाधिकार या मोठ्या शब्दाचा लहानात लहान आकार मी त्या खाडाखोडीत पाहिला. माणसाचे घर, शेत, गाव हिरावले गेल्यावरही स्वतःच्या कृत्याला स्वतःचा शब्द देण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरतो, आणि तो सांभाळणे एवढेच काही वेळा आपल्या हाती असते.

एका सुट्टीच्या दिवशी दुभाषी भगिनी मला उम्म अल-जिमालला घेऊन गेली. मफ्रकच्या पूर्वेस काळ्या बेसॉल्टचे हे प्राचीन नगर ओसाड उभे आहे. तेथे लाकूड दुर्मीळ म्हणून छपराच्या तुळयाही दगडाच्या आणि दारेही दगडाची. एका उंबऱ्यावर बसून तिने मला माझ्या गावाविषयी विचारले. मी सांगितले की आमचे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने मलिक अंबरने वसविले. तो हबशी होता, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला, अरबांच्या बाजारांतून, बगदादमधून, हातोहाती फिरत दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी आयुष्यभर झुंजला, आणि ज्याला स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती त्याने एका तहानलेल्या माळाला जमिनीखालून नहर आणून पाणी पाजले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिने विचारले, "आणि त्याचा जबाब कोणी लिहून घेतला?" मी निरुत्तर झाले. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात त्याच्याविषयी शिव्याशाप आहेत, परदेशी व्यापाऱ्यांनी व बखरकारांनी त्याचा पराक्रम लिहिला. पण विकला जाताना त्या मुलाला काय वाटले हे त्याच्या तोंडून कोणीही टिपून घेतले नाही. खुलताबादेत त्याची कबर आहे आणि शहराखाली त्याची नहर आहे. त्याची कैफियत तेवढी नाही.

सप्टेंबर लागला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास मफ्रकमधील भाड्याच्या खोलीत मी इंटरनेटवर घरचे वर्तमान वाचीत होते, आणि एका बातमीशी थबकले. पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचावयास खुला झाला होता. निजामाच्या राज्यातील रझाकारांचा जुलूम, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा, १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरलेली भारतीय फौज आणि १७ तारखेची शरणागती, हे सारे मी शाळेत शिकले होते, आणि त्या मुक्तीचा अभिमान माझ्या रक्तात आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, हे पाहण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले होते, आणि १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी गावोगाव फिरून पाचशेहून अधिक माणसांचे म्हणणे ऐकले होते, हे मला कोणी शिकविले नव्हते. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक कहर उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत झाला होता. पण आमचा जिल्हाही त्यात होता. आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच पानांत होती. जुलमाचे आणि माणुसकीचेही ते दप्तर पासष्ट वर्षे बंद राहिले होते. दिवसभर मी परक्यांना 'तुम्ही काय पाहिले' असे विचारीत होते. माझ्या स्वतःच्या घरात तो प्रश्न मी कधीही विचारला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये परतताना संस्थेच्या बैठकीसाठी तीन दिवस पॅरिसला थांबावे लागले. तेथे सीन नदीच्या काठी पाले द शायो नावाचे भव्य भवन आहे, आणि त्याच्या प्रशस्त चौथऱ्याला मानवाधिकारांचे नाव दिलेले आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी याच भवनात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. अठ्ठेचाळीस राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, आठ तटस्थ राहिली, विरोधात कोणीही नव्हते. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांच्या जागी 'सर्व मानवप्राणी' असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. एक शब्द खोडून दुसरा लिहिण्याचेच ते काम होते. मला दऱ्याची ती म्हातारी आठवली.

समोर आयफेल मनोऱ्यापाशी प्रवाशांची गर्दी होती, वारा थंड होता, आणि मी त्या चौथऱ्यावर उभी राहून एका वर्षाचे दिवस मोजीत होते. १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्येच सुरक्षा परिषदेसमोर निजामाच्या प्रतिनिधींनी हैदराबादची फिर्याद मांडली होती. २९ नोव्हेंबरला दिल्लीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचा मसुदा पुढे नेत असताना, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटना समितीने संमत केले. आणि त्यानंतर दोनच वर्षांच्या आत, १९५० मध्ये, त्यांच्या संस्थेने आमच्या शहरात महाविद्यालय उघडले, जे पुढे नागसेनवनातील मिलिंद म्हणून नावारूपाला आले. आणि १० डिसेंबरला येथे टाळ्यांच्या गजरात जाहीरनामा मंजूर होत होता, त्या दिवसांत सुंदरलाल समिती माझ्या मुलखातील जळालेल्या गावांतून फिरत होती. ज्या वर्षी जगाने माणसाचा हक्क शब्दांत उतरविला, त्याच वर्षी माझ्या मराठवाड्यातील माणसांनी सांगितलेले सत्य लिहिले गेले आणि मिटून ठेवले गेले. हक्क आणि सत्य यांना एकच शब्द योजणाऱ्या भाषेला जे कळले होते, ते मला तेव्हा पूर्णपणे कळले: सत्य ऐकून घेतल्यावाचून हक्क केवळ दगडावर कोरलेला राहतो, मग तो दगड पांढरा असो की काळा.

घरी आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि दौलताबादच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी आत्यांसमोर आजोबांचा मेज ठेवला, कोरे कागद ठेवले, आणि झातरीत म्हणत असे ते सर्व म्हटले: हे कशासाठी, कोठे जाईल, नको वाटल्यास थांबता येईल. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. १९४८ मध्ये बारा वर्षांच्या. त्यांनी पदर सारखा केला आणि कोणी अदालतीत उभे राहावे तशा ताठ बसल्या.

आजोबांची नेमणूक तेव्हा एका तालुक्याच्या गावी होती. त्या उन्हाळ्यात रझाकार गल्लीत आले, तेव्हा शेजारचे अत्तार आमच्या दारात आडवे उभे राहिले आणि हे घर माझेच आहे म्हणून त्यांनी सांगितले. पुढे भाद्रपदात, फौज येऊन गेल्यावर, गावातलीच माणसे कुऱ्हाडी घेऊन अत्तारांच्या दाराशी आली. त्या वेळी त्या घरची सहा माणसे आमच्या माजघरात होती आणि आजोबा उंबऱ्यावर बसून होते. "अत्तारांचा धाकटा भाऊ बाजाराला गेला होता, तो परत आला नाही," आत्या म्हणाल्या, आणि मी विचारण्यापूर्वीच पुढे म्हणाल्या, "त्याचं काय झालं ते मी ऐकलंय. पाहिलेलं नाही. तसं लिही." मोहर्रिराच्या मुलीला ती शिस्त शिकवावी लागली नव्हती.

सायंकाळी मी जबाब वाचून दाखविला. "आजोबांनी अत्तारांच्या कुटुंबास चार दिवस आश्रय दिला," या वाक्याशी त्यांनी मला थांबविले.

"आश्रय नको लिहू."

"मग काय लिहू, आत्या?"

"शेजारी होते. जेवायला बसले, ते चार दिवस राहिले. असं लिही. आश्रय म्हटलं की ते परके झाले."

मी ते वाक्य खोडले आणि त्यांचे वाक्य लिहिले. त्याखाली, आजोबा ज्या शब्दांनी प्रत्येक जबानी पुरी करीत त्याच धर्तीवर, एक ओळ घातली: वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. आत्यांनी चष्मा लावला, ती ओळ स्वतः पुन्हा वाचली, आणि सावकाश सही केली. मी तारीख घालण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी लेखणी सोडली नाही. तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.